आईची झोप आणि कालनिर्णयची पानं

गेल्या वर्षी आईच्या ब्रेस्ट कॅन्सरचे केमो चालू होते तेव्हा एकदा रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात लाईट चालू आणि आई खाली बसून गवार निवडतेय. अगं काय करतेस म्हटलं तर म्हणे डोळ्याला डोळा लागत नाहीये, उद्याची भाजी तरी होईल. सलग तिसरी रात्र होती ती आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही, कारण आमची झोपमोड नको म्हणून ताटलीचा पण आवाज करायची नाही ती.

डॉक्टरांना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "एवढ्या मोठ्या आजारात झोपेचं काय रडगाणं गायचं." हे आठवलं की अजून गलबलून येतं मला. उलट्या, ताप, पांढऱ्या पेशी सगळ्याची चौकशी होते, पण झोपेचं आपणहून सांगितलं नाही तर ते राहूनच जातं.

मग कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच मी तिची झोप लिहायला लागले, पडली कधी, डोळा लागला कधी, दुपारी किती झोपली. केमोच्या दोन सायकलमध्येच (म्हणजे दोन फेऱ्यांत) कळलं की डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस ज्या डेक्साच्या (डेक्सामेथासोन) गोळ्या असतात, अॅलर्जी आणि अंगावर सूज येऊ नये म्हणून देतात त्या, नेमक्या त्याच रात्री ती टक्क जागी. त्या गोळ्यांचा दिवसातला दुसरा डोस ती रात्री जेवून नऊला घ्यायची आणि ते स्टेरॉइड, झोप उडवतंच. डॉक्टरांना पानं दाखवली, त्यांनी नीट बघितली आणि म्हणाले दुसरा डोस दुपारी चारच्या आत घ्या, काहीतरी खाऊन. बास, एवढंच होतं! (पण प्लीज आपल्या मनाने वेळ बदलू नका, गोळी तर अजिबात चुकवू नका, विचारूनच करा.)

दुसरी चूक आमचीच होती. येणारा जाणारा म्हणायचा पडून राहा, आराम कर, आणि आम्ही पण तिला दिवसभर पलंगावरून उठू द्यायचो नाही, मग रात्री झोप येणार कुठून. डॉक्टर म्हणाले दुपारी अर्धा तासच, तेही तीनच्या आत, सकाळी रोज एकाच वेळेला उठायचं आणि उन्हात जमेल तेवढं चालायचं. रात्री झोप लागत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडे बसायचं आणि पेंग आली की परत पलंगावर. पहिला आठवडा जडच गेला, नंतर हळूहळू चार तासाची झोप साडेपाचवर आली.

रिपोर्टच्या आदल्या रात्री मात्र यातलं काहीच चालत नाही. तेव्हा मी तिच्या बाजूला चटई टाकते आणि ती माहेरच्या गोष्टी सांगत बसते.

आता टॅमॉक्सिफेन चालू आहे, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनवरची गोळी. मध्यरात्री एकदम अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, मान, उशी सगळं घामाने ओलं. उशाला सुती टॉवेल आणि एक जास्तीचा अभ्रा ठेवलाय, आणि तेही लिहितेय रोज, पुढच्या फॉलोअपला न्यायचंय.