आधी सांगा, रंग कसला होता?

आखाड असो नाहीतर गावजत्रांचा सीझन, सोमवारी सकाळी ओपीडीत डायलॉग ठरलेला असतोय, "डॉक्टर, पित्त झालंय, उलटी थांबायचं इंजेक्शन तेवढं टोचा." आदल्या रात्री तांबडा-पांढरा दाबून झालेला असतोय, निदान घरीच करून आणलेलं, माझं काम फक्त सुईचं. बऱ्याचदा ते निदान बरोबर पण असतंय म्हणा. तरी मी आधी प्रश्न विचारत बसतो आणि लोक वैतागतात.

रंग कसला होता, हा पहिला. तीन-चार उलट्या झाल्यावर पिवळं कडू पाणी पडलं तर मी फार घाबरत नाही. पण तान्ह्या बाळानं हिरवी उलटी काढली की तिथं औषध देत बसायचं नाही, आतडं पिळलेलं असू शकतंय आणि मग काही तासांचाच खेळ असतो, सरळ सर्जनकडं. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी असेल तर ते पोटातलं रक्त, अ‍ॅसिडनं काळं पडलेलं. (आमच्याकडं कॉफी कोण पितंय, त्यामुळं मी चहाचा चोथा म्हणूनच विचारतो.) सकाळी खाल्लेली भाकरी रात्री तशीच बाहेर आली तर जठराचं पुढचं तोंड अडलंय का बघायचं. आणि पोट फुगलंय, वारा पण सरत नाही, उलटीला शौचासारखा वास, तर आतडं कुठंतरी बंद आहे.

मग वेळ. सकाळी उठल्या उठल्या उलटी, सोबत डोकं ठणकतंय, तर पोट सोडून डोक्याचा विचार करायचा. बाईमाणसाला पाळीची तारीख विचारायचीच, सासू शेजारी बसली असेल तर तिला जरा बाहेर पाठवून.

खरं म्हणजे उलटी सुरू करणारं केंद्र पोटात नसतंच, मेंदूच्या बुडाशी असतं, आणि तिथला एक छोटा भाग रक्तात काय फिरतंय ते सारखं चाखत असतो. म्हणून किडनी बिघडली, शुगर बेफाम वाढली, कसलं औषध सोसलं नाही, तरी माणूस ओकतो आणि पोट बिचारं फुकट बदनाम. पोरगं वाळलंय, सारखं पाणी मागतंय, जोरजोरात खोल श्वास घेतंय आणि उलट्या, तर बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर बघायला एक मिनिट लागत नाही.

एक गुऱ्हाळवाले मामा आठवतात, शुगरवाले. छातीत दुखतंय का तर नाही, फक्त मळमळ आणि दोन उलट्या. पण बाहेर गारठा असून शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळ हाताला थंडगार ओलं. "काल मटण जड झालं वो, ईसीजी कशाला?" म्हणत होते. काढला, तर खालच्या बाजूचा हार्ट अटॅक, ईसीजीतल्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफ नावाच्या रेषा वर उचललेल्या. शुगरवाल्या माणसाला छातीत दुखेलच असं नसतंय.

उसात फवारणी करून आलेला असेल तर मी पहिल्यांदा डोळ्यांतल्या बाहुल्या बघतो. टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला औषधाचा वास, मग कपडे काढून अंग धुवायचं आणि अ‍ॅट्रोपिनची, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याची, सोय असलेल्या दवाखान्यात पळवायचं.

एवढं सगळं नाही निघालं की मग इंजेक्शन, तेही लागलंच तर. सलाईनचा हट्ट तर विचारूच नका, जीभ ओली आहे, लघवी होतीय, पोटाची चिमटी घेतली की कातडी लगेच खाली बसतीय, तर ओआरएस पुरतंय. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा द्या, गटागटा पाजलं की परत बाहेर. आणि मोठं पाकीट एका लिटरचं असतंय हो, सगळं एकाच पेल्यात ढवळून देऊ नका, फार खारट होतं आणि पोराला त्रास होतो.