काका, लाकूड कुठलं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर गिटारच्या लाकडावर आपणहून तोंड उघडायचं मी सोडून दिलंय, कारण त्यात मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात.

डोंबिवलीत घराच्या मागच्या खोलीत मी गिटारी दुरुस्त करतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बास, म्हणजे खालचे सूर वाजवणारी चार तारांची गिटार, वाजवला. खोलीत येणारा प्रत्येक दुसरा माणूस कधी ना कधी तोच प्रश्न टाकतो: इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडाने आवाजात फरक पडतो का? मुलं विचारतात, "काका, महोगनी घेऊ की ॲश?" सोबत आलेले वडील विचारतात, "हे बासवुड म्हणतायत, ते बास गिटारचं लाकूड ना? मग याला कसं लावलं?" (बासवुड हे एका झाडाचं नाव. बासशी त्याचा काही संबंध नाही. हे मी आजवर शंभरदा तरी सांगितलं असेल.)

आधी उत्तर देऊन टाकतो. गिटारच्या बॉडीचं (धडाचं) लाकूड कुठलं, हे ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या आवाजावरून कुणाला ओळखता येईल असं मला वाटत नाही. बासच्या बाबतीत लाकूड बोलतं. पण ते बॉडीतून नाही, नेकमधून (लांब दांड्यातून) बोलतं, आणि बोलतं ते आवाज खुलवायला नाही, गिळायला.

आपल्याला लाकडाबद्दल इतकी खात्री कुठून आली, तर तंबोऱ्यातून. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभं राहून भोपळा टिचकीने वाजवून बघणारा कारागीर ज्याने पाहिलाय, त्याला "लाकडाने काही होत नाही" असं सांगून बघा. तिथे तो माणूस बरोबरच असतो. तंबोऱ्याची तार स्वतः हवा फारशी हलवत नाही, बारीक असते. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला (भोपळ्यावरच्या फळीला), आणि आपण ऐकतो ती तबली आणि तो भोपळा. ॲकॉस्टिक गिटारचंही तेच. तिची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि थरथरणं हेच तिचं काम. ती फळी सागाची केलीत तर वाद्यच बदलेल.

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाड, भरीव. ती थरथरू नये म्हणूनच तशी केलेली. आवाज उचलतो तो पिकअप: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे काही हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते, ती केबलमधून ॲम्पकडे जाते. या सगळ्यात हवा कुठे नाही. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त आपल्यासमोरची तार कळते. पितळेची तार लावा, तो ठार बहिरा होईल.

म्हणूनच या वाद्याची बाजारातली सुरुवातही लाकडापासून झालेली नाही. १९३१-३२ साली जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेली गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. गोल थाळा आणि त्याला लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. पुढे बेकेलाइट या प्लास्टिकची आली. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने ॲम्पेग कंपनीसाठी आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकची केली, ती रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सच्या गळ्यात दिसली. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या गिटारी म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला हार्डबोर्ड, आपल्याकडे कपाटाच्या पाठीला मारतात तसला. लेड झेपलिनच्या जिमी पेजने ती वाजवली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आवाजाला कपाटाचा वास येतोय.

लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाचा किस्सा मला सगळ्यांत आवडतो. १९४० च्या आसपास त्याने चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर नेक, पिकअप आणि तारा चढवल्या. लोकांना ते ध्यान काही रुचेना. मग त्याने एक साधी गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्ध ओंडक्याला दोन्ही बाजूंनी चिकटवले. आवाज तोच, पण आता लोक खूश. हा किस्सा तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे थोडं मीठमसाला धरा. पण डोळे कानांना काय शिकवतात, ते त्यात आलं.

आणि फेंडर गिटारी काढणारा लिओ फेंडर? तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. सुरुवातीच्या बॉडी ॲशच्या होत्या. १९५६ पासून त्याच्या बहुतेक 'स्ट्रॅटोकास्टर' गिटारी आल्डरच्या होऊ लागल्या. आल्डर सहज मिळायचं आणि त्यावर रंग सोपा बसायचा. ॲशची छिद्रं आधी भरावी लागतात. आज लोक "आल्डरचा मध्य आणि ॲशचा कडकपणा" यावर तासन् तास बोलतात. मुळात तो रंगकाम खात्याचा प्रश्न होता.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं असं समजू नका. मी यात चांगला पोळलोय.

ऑर्केस्ट्राच्या दिवसांत माझ्याकडे एक जुना बास होता. एकदा ब्रिजचे, म्हणजे घोडीचे, स्क्रू बदलताना रंगाचा टवका उडाला आणि खाली प्लायवूड निघालं. त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं आपण प्लायवूड वाजवत होतो! आखातात नोकरी करणाऱ्या मेहुण्याच्या हातापाया पडून ॲशची बॉडी मागवली. दोन महिन्यांच्या कार्यक्रमांची कमाई त्यात गेली. बसवली, नव्या तारा चढवल्या, पुढच्या कार्यक्रमाला वाजवला आणि अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. काय तो खर्ज, काय ती धार! ढोलकीवाला म्हणाला, "आज बास बोलतोय." दोन-तीन वर्षं मी येईल त्याला ॲशचं पुराण ऐकवलं.

मग एकदा ती बॉडी उघडली तेव्हा सहज म्हणून दोन्हींतले पिकअपचे खड्डे मोजले. जुन्या बॉडीतला खड्डा खोल होता. पिकअप तारांपासून जवळजवळ तीन मिलिमीटर लांब बसत होता. तीन मिलिमीटर म्हणजे पिकअपच्या हिशेबात दुसरा गाव. तारा नव्या होत्या, ती गोष्ट वेगळीच. जुन्या तारांत घाम आणि गंज भरलेला असतो, त्या वरचे सूर खातात. मी जुन्या बॉडीत पिकअपखाली फोम घालून उंची जुळवली, तीच नेक, त्याच तारा, दोन्ही रेकॉर्ड केलं आणि आमच्या कीबोर्डवाल्याला उलटसुलट करून दहा वेळा ऐकवलं. पाच वेळा बरोबर, पाच वेळा चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या वादकाने याच्याही पुढची गंमत केली: बॉडी-नेक काहीच नाही, दोन भक्कम टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत तारा ताणल्या आणि खाली पिकअप धरला. फेंडरच्या टेलिकास्टर गिटारसारखं वाजलं. मला त्यात नवल वाटलं नाही, थोडी कीव आली, माझीच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पण काका, बॉडीवर टकटक केलं तर ॲम्पमधून ऐकू येतं की!" येतं. टकटकीने ताराही हलतात आणि पिकअपही. शिवाय काही जुन्या पिकअपचे वेढे सैल असतात, ते स्वतःच थरथरतात. अशा पिकअपवर तोंड नेऊन ओरडलात तर ॲम्पमधून तुमचा आवाज येईल. ते थांबवण्यासाठीच पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात. तेव्हा लाकडाचा परिणाम शून्य, असं मी म्हणणार नाही. तो तारा, पिकअपची उंची, केबलची लांबी आणि स्पीकर यांच्या गर्दीत सापडत नाही, एवढंच. केबल तीन मीटरऐवजी दहा मीटरची लावा, वरच्या सुरांची धार जाते. हे मी कुणालाही डोळे मिटून दाखवून देतो.

आणखी एक. दुकानात गिटार हातात घेतली की आधी आपण ती प्लग न लावताच छेडतो. त्या वेळी लाकडाचा फरक खरंच ऐकू येतो. बॉडी पोटाला टेकलेली असते, थरथर अंगात जाते. "ही जिवंत आहे" असं आपण तिथेच ठरवून टाकतो, आणि मग ॲम्पमधून काहीही येवो, पोट विसरत नाही.

आता बासकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे.

बासची नेक लांब, तारा जाड. तारेचा वाजणारा भाग, शेंड्याजवळच्या नटपासून ब्रिजपर्यंत, ३४ इंच, आणि टोकाला चार वजनदार खुंट्या. म्हणजे एका बाजूला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला ओझं लटकलेली पट्टी. अशा पट्टीला डोलायची स्वतःची एक गती असते. तुम्ही वाजवलेला सूर नेमका त्या गतीशी जुळला की झोक्याला ठेक्यात ढकलल्यासारखं होतं: नेक डोलू लागते आणि डोलायला लागणारी ताकद ती तारेतून काढून घेते. सूर उमटतो, पण त्याला आस राहत नाही. 'ठप्' होऊन विझतो. यालाच आम्ही डेड स्पॉट म्हणतो. फेंडरच्या पद्धतीच्या बासवर तो बहुतेक वेळा 'जी' (G) या सगळ्यांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास सापडतो. जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर आणि टिलमान झ्विकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे मोजून दाखवलं: जिथे नेक तारेपुढे सहज हलते, नेमका तिथेच सूर लवकर मरतो.

माझ्याकडे लोक येतात ते म्हणत, "पिकअप खराब झालाय, हा एकच सूर दबतो." मी सुतारी सी-क्लॅम्प काढतो, मध्ये फडकं घालून नेकच्या शेंड्याला आवळतो आणि म्हणतो, आता वाजवा. वजन वाढलं की नेकची गती मंदावते आणि डेड स्पॉट एखाद-दोन फ्रेट खाली सरकतो. दबलेला सूर एकदम गाऊ लागतो. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग क्लॅम्प ठेवूनच वाजवायचं का, हा पुढचा प्रश्न. कारण डेड स्पॉट गेलेला नसतो, त्याने फक्त घर बदललेलं असतं.

लाकूड इथे बोलतं. मेपल किती ताठ, किती जड, रेघा कशा गेल्यात, नेक किती जाड कोरलीय, या सगळ्यावर ती गती ठरते. पण ते त्या एका फळीचं बोलणं, झाडाच्या जातीचं नाही. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच आठवड्यात विकत घेतलेले दोन बास माझ्या टेबलावर होते. एकाचा सूर पाचव्यावर मरायचा, दुसऱ्याचा सातव्यावर. छापील माहितीत दोघांचंही लाकूड 'मेपल'. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने कार्बन फायबरचा, शेंडाच नसलेला बास आणला. टोकाचं ओझं काढलं आणि पट्टी लाकडाहून कितीतरी ताठ केली. त्याचे सूर वरपासून खालपर्यंत सारखे वाजतात म्हणून काहींना तो फार आवडला आणि नेमक्या त्याच कारणाने काहींना कंटाळवाणा वाटला.

म्हणून बास घ्यायला जाताना लाकडाचं नाव विचारू नका. 'जी' तारेवर एकेक फ्रेट वाजवत पहिल्यापासून बाराव्यापर्यंत जा आणि प्रत्येक सूर मरेपर्यंत थांबा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे. आणि गळ्यात अडकवून वीस मिनिटं उभे राहा. साडेचार किलोचा बास हळदीच्या कार्यक्रमात चार तास खांद्यावर असला की लाकूड हलकं असावं हे कुणी पटवून द्यावं लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नेक किती वाकते, हेही बघायला हवं. जूनच्या शेवटी माझ्या खोलीत रांग लागते ती त्यासाठी.

शिसवीचं राहिलं. नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीला, फिंगरबोर्डला, लागणारं इंडियन रोझवुड म्हणजे आपलं शिसवी, सह्याद्रीतलं. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं लावली आणि लोक म्हणू लागले, आवाजातली ऊब गेली. पाच-सहा मिलिमीटरच्या पट्टीची ऊब.

पण मागच्या वर्षी एक गृहस्थ मोडक्या शिसवी पलंगाचा दांडा घेऊन आले. आजोबांचा पलंग. घर रिकामं करताना बाकी सगळं भंगारात गेलं, हा एवढा उरला. मुलीच्या बासला याचा फिंगरबोर्ड करून द्याल का, म्हणाले. "आवाज चांगला येईल ना?" मी हो म्हटलं. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ मध्ये गिटार करायला घेतली, तिची नेक जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीची आहे. त्या फळीबद्दल मी कधी शंका काढली नाही, मग यांच्या पलंगाबद्दल कशाला काढू?

दांड्याला वाळवी लागून गेलेली दोन भोकं होती, ती शिसवीच्याच भुशाने आणि डिंकाने बुजवली. फिंगरबोर्ड सुंदर झाला. मुलगी न्यायला आली तेव्हा बारा फ्रेट वाजवून बघितले. सातव्यावर सूर मरतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तोच सूर 'डी' तारेवर बाराव्या फ्रेटवर आहे, तिथे घे. तिने घेतला.