चेऊलकर आडनावाचा डेव्हिड

परवा वडिलांबरोबर ‘बूट पॉलिश’ हा जुना हिंदी चित्रपट पुन्हा पाहिला. त्यातील जॉनचाचा साकारणारे डेव्हिड ज्यू होते, हे ऐकून वडील चकित झाले. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर असल्याचे सांगितल्यावर तर अधिकच. चौलचे चेऊलकर, म्हणजे आपल्याच कोकणातील बेने इस्रायली ज्यू, ज्यांच्या घरची भाषा मराठी आणि ज्यांना तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवण्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हटले जाई.

डेव्हिड यांना इथे आपली ओळख लपवावी लागली नाही की तिच्यासाठी भांडावेही लागले नाही. ब्रिटिश ज्यू विनोदी अभिनेता साशा बॅरन कोहेन याची गोष्ट वेगळी आहे. ‘बोराट’ या चित्रपटात ज्यूद्वेष्ट्या पात्राचे सोंग घेऊन त्याने इतरांच्या मनातील द्वेष उघडा पाडला (गंमत म्हणजे ते पात्र ‘कझाक’ म्हणून बोलते ती बरीचशी ज्यूंची हिब्रू भाषा असते), आणि नोव्हेंबर 2019 मध्ये सोंग बाजूला ठेवून केलेल्या भाषणात, ज्यूंचा नरसंहार नाकारणारा मजकूर पसरू देणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांना, विशेषतः फेसबुकला, धारेवर धरले. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये फेसबुकने अशा मजकुरावर बंदी घातली. तिचे श्रेय एकट्या भाषणाला देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

आपल्याकडे ज्यूद्वेष नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पण सोलापुरात, नवी पेठेतील रस्त्यावरच्या पुस्तकांत हिटलरचे आत्मचरित्र यशस्वी होण्याच्या पुस्तकांशेजारी मांडलेले मी पाहिले आहे, आणि महाविद्यालयात असताना त्याच्या ‘शिस्ती’चे कौतुक मीही केले आहे. त्या वेळी चेऊलकर हे नाव मला ठाऊक नव्हते.