चेहऱ्यावरची मोठी छिद्रं आणि जेलचे ते मधले आठवडे : माझा अनुभव

वाफ घेतली की पोअर्स उघडतात आणि बर्फ फिरवला की बंद होतात, हे पार्लरमध्ये इतक्या ठामपणे सांगतात की माझं डोकं अजून तापतं. छिद्राच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेने आतलं तेल मऊ होतं, बर्फाने त्वचा थोडा वेळ आक्रसते, आणि तासाभरात सगळं जैसे थे. छिद्रं ठळक दिसतात त्याची कारणं वेगळी आहेत. तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, तोंडाशी मृत पेशी साचून छिद्र ताणलेलं राहतं, आणि ऊन व वय यांमुळे भोवतालचं कोलॅजन (त्वचेला ताठ ठेवणारं प्रथिन) ढिलं पडून कडेचा आधार जातो. छिद्रं पुसून टाकणारं औषध नाही. ती कमी दिसतात, इतकंच, आणि तेवढ्यावर समाधान मानायची तयारी असेल तरच पुढचं वाचा.

फेसवॉशमध्ये अडण्यासारखं काही नाही. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) 9-10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणून साबण नको. सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा. मॉइश्चरायझर हलकं, जेलसारखं. चेहरा तेलकट आहे म्हणून मॉइश्चरायझर टाळणाऱ्यांचीच पुढे जास्त आग होते.

खरं घोडं अडतं ते अ‍ॅडापेलिनपाशी. मुरमांवर देतात ते 0.1 टक्क्याचं जेल, 15 ग्रॅमची ट्यूब. डॉक्टर लिहून देतात आणि म्हणतात, "रात्री लावा, तीन महिन्यांनी दाखवा." डब्यातल्या कागदावर 'पातळ थर लावावा' एवढंच. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही होतं ते कुणीच सांगत नाही, आणि निम्मी माणसं तिथेच ट्यूब फेकून देतात. माझा सगळा राग या गप्प बसण्यावर आहे.

होतं ते असं. हे जेल छिद्राच्या आतल्या पेशींची वाढ ताळ्यावर आणतं, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटून बूच तयार होत नाही. पण आत आधीच तयार असलेली, डोळ्यांना न दिसणारी बुचं भराभर वर येतात. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. हनुवटीवर पुटकुळ्या, नाकाच्या कडेला सालं, तोंड धुतलं की चुणचुण. पुटकुळ्या नेहमीच्याच जागी येत असतील तर धीर धरायचा. कधीच येत नव्हत्या अशा जागी येत असतील, सूज किंवा सतत खाज असेल, तर थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

लावायची रीत महत्त्वाची आहे. तोंड धुऊन टिपायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं; ओल्या त्वचेत जेल जास्त झिरपतं आणि भगभगतं. नाकपुडीच्या कडा आणि ओठांचे कोपरे इथे आधी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. सालं सगळ्यात आधी तिथेच निघतात. मग पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं जेल, जास्त नाही. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरायचं, पापण्या सोडून. फक्त छिद्रांवर ठिपका ठेवून उपयोग नाही, कारण उद्याचं बूच शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत तयार होत असतं. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन एक दिवसाआड, आणि सोसलं तर मग रोज. नाजूक त्वचेला आधी मॉइश्चरायझर, मग जेल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. तरीही आग झाली तर अर्ध्या तासाने धुऊन टाकायचं. तेवढाही संपर्क सुरुवातीला पुरतो. सालं ओढायची नाहीत, स्क्रबने घासायची तर मुळीच नाहीत. अक्रोडाचा असो की बेसनाचा.

याच काळात लोक मेडिकलमध्ये जातात आणि काउंटरवरून 'गोरं करणारी' ट्यूब हातात पडते. दोन रात्रींत लाली जाते, चेहरा तुकतुकीत. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. 2018 मध्ये अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमात बदल झाला, तरी मिळतात. महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लालबुंद राहते, केस वाढतात, आणि थांबवली की आधीपेक्षा जास्त पुरळ येतो. छिद्रांचा प्रश्न त्यापुढे किरकोळ वाटतो.

फरक बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिसतो. रोज आरशाला नाक टेकवून बघत बसलात तर काहीच कळणार नाही. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, महिन्यातून एकदा फोटो काढा.

हे आधीच लिहायला हवं होतं: गरोदर असाल किंवा त्या तयारीत असाल तर अ‍ॅडापेलिन नको.

नाकावरचे करडे बारीक ठिपके म्हणजे सगळे ब्लॅकहेड्स नव्हेत. दाबल्यावर पिवळट मऊ दोरा निघतो ती तेलाची नेहमीची वात असते, काढली तरी महिन्याभरात पुन्हा भरते. नाकावरच्या पट्ट्या ओढून तिचं काही बिघडत नाही, त्वचेचं बिघडतं. तिथे 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड बरं. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरतं. आठवड्यातून दोन रात्री, जेल नसलेल्या. पण तेही जेल अंगवळणी पडल्यावरच. लिंबू आणि खायचा सोडा स्वयंपाकघरातच राहू द्या.

सकाळी 4-5 टक्के नायसिनामाइड (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) चालतं. 10 टक्क्यांनी बऱ्याच जणांना चुणचुणतं आणि फायदा दुप्पट होत नाही. त्यावर सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वर, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढून होईल तेवढं. मुंबई-कोकणच्या दमटपणात क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, तिथे जेलवालं सनस्क्रीन घ्या. उन्हात फिरणं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

आणि अप्परलिपचं वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी तिथलं जेल बंद ठेवा. नाहीतर केसांबरोबर वरची त्वचाही सोलून येते, आणि तो डाग जायला छिद्रांपेक्षा जास्त वेळ लागतो.