तिकीट लेकीच्या फोनात आणि मी भिंतीबाहेर: ओरॅकल पार्कमधली एक दुपार

लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलं की बघायच्या जागा ठरलेल्या असतात. गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, मंदिर. यंदा मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला सॅन फ्रान्सिस्कोचं बेसबॉलचं मैदान, ओरॅकल पार्क, बघायचं आहे. निदान सुरुवातीला तरी खेळासाठी नव्हे. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले. नातवाने त्या मैदानाचा नकाशा दाखवला आणि माझी नजर मापांवरच अडकली. फलंदाजापासून डाव्या कोपऱ्यातली भिंत ३३९ फूट, समोरची ३९१, तिथून जरा उजवीकडे ४१५, आणि उजव्या कोपऱ्यात एकदम ३०९! इतकं वाकडं मैदान कुणी का आखलं असेल, हे मला जागेवर जाऊन बघायचं होतं.

तिकीट काढणं जावयाने केलं. वार आणि समोरचा संघ बघून दर बदलतात, म्हणून त्याने जूनमधल्या एका बुधवारची, दुपारी पाऊण वाजताच्या सामन्याची तिकिटं घेतली. लेकीचं ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोतच आहे. ती तिथून परस्पर येणार, मी आणि नऊ वर्षांचा नातू ट्रेनने जाणार, असं ठरलं. ज्यांचे आईवडील इथे येतात त्यांना माझा आग्रह आहे, मैदानावर गाडीने नेऊ नका. कॅलट्रेन ही इथली लोकल सप्टेंबर २०२४ पासून विजेवर धावते, डब्यात आवाज जवळजवळ नाही, आणि शेवटच्या स्थानकापासून मैदान माझ्या गुडघ्यांनाही दहा मिनिटांवर आहे. चढताना भाड्याचं क्लिपर कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. ६५ वर्षांवरच्यांना सवलत आहे. सॅन माटेओपर्यंत डबा नारिंगी-काळ्या टोप्यांनी भरला होता. पंढरीच्या वाटेवर नुसती टोपी बघून माणूस ओळखीचं हसतो, तसे हे लोक नातवाच्या टोपीकडे बघून हसत होते.

खरी अडचण दारात आली. तिकीट कागदी नसतंच. ते ॲपमध्ये असतं, आणि आमची सगळी तिकिटं होती लेकीच्या फोनात. ती मीटिंगमध्ये अडकली. तिने स्क्रीनशॉट पाठवला, दारावरच्या बाईंनी तो बघून नम्रपणे नाही म्हटलं. मग तिने तिकीट माझ्याकडे पाठवायचं ठरवलं. ते घ्यायला माझा ईमेल उघडायला हवा, ईमेलचा ओटीपी येणार भारतातल्या सिमवर, आणि ते सिम सनीवेलला कपाटात. नातवाचं तोंड एवढंसं झालं. सामना सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि आत राष्ट्रगीत सुरू झालेलं ऐकू येत होतं.

त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला म्हटलं, चल, बाहेरून चक्कर मारू. दारासमोर विली मेझ या जुन्या बेसबॉलपटूचा पुतळा आहे, बॅट फिरवून झाल्यानंतरच्या आवेशातला. भोवती पामची झाडं. नातवाने मोजायला लावली, २४ भरली. मेझचा क्रमांक २४ होता. जायंट्स हा संघ १९५८ साली न्यूयॉर्क सोडून इथे आला तेव्हा तोही आला. १९५८ हे माझं जन्मसाल, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं. कारकिर्दीत त्याने ६६० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, भिंतीपार जाणारे फटके) मारले आणि २०२४ च्या जूनमध्ये तो गेला. पुतळ्याच्या पायाशी कुणी ताजी फुलं ठेवली होती.

मैदानाच्या कडेने पुढे गेलं की उचलता येणारा पोलादी पूल लागतो. १९३३ सालचा. त्याची रचना जोसेफ स्ट्रॉसची, गोल्डन गेट पुलाचे मुख्य अभियंता तेच. एका बाजूला प्रचंड काँक्रीटचं वजन, त्याच्या तोलावर दुसरी बाजू वर उठते. मी तिथे बराच वेळ थांबले. नातवाने हात ओढला म्हणून निघाले.

पुलापाशी डावीकडे वळलं की पाण्याच्या कडेने फरसबंद वाट आहे, आणि तिथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एका हाताला मैदानाची विटांची भिंत, दुसऱ्या हाताला थेट खाडी, मध्ये जेमतेम ही वाट. जागा सगळी मिळून सुमारे १३ एकर, तीही समुद्रात भराव घालून केलेली. उजव्या बाजूला मैदान वाढवायला जमीनच नाही! म्हणून अंतर ३०९ फूट ठेवलं आणि भिंत उंच केली, २४ फूट. तोच मेझचा आकडा. बेसबॉलच्या नियमात आतला चौकोन प्रत्येक मैदानावर सारखाच असतो, पण मागच्या भिंतीचा आकार आणि उंची ज्या त्या मैदानाची. त्यामुळे प्लॉट पडेल तसं मैदान बसवता येतं. ठरलेल्या मापांच्या चौकटीत आयुष्य काढलेल्या मला ही मोकळीक फार आवडली.

त्या भिंतीत कमानी आहेत आणि कमानींना नुसती जाळी. जाळीपलीकडे मैदान, अगदी गवताच्या पातळीवर. उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक आमच्यापासून हाक मारण्याच्या अंतरावर पाठमोरा उभा होता. तिकीट नसलेल्या कुणीही इथे उभं राहून सामना बघावा, फुकट. गर्दी झाली तर तीन डावांनंतर (सामना नऊ छोट्या डावांचा असतो) दुसऱ्याला जागा द्यायची, एवढीच अट. माझ्या शेजारी एक सायकलवाला हेल्मेट न काढता उभा होता, पलीकडे बाबागाडी घेतलेली बाई. खासगी पैशातून, ३५ कोटी डॉलरहून जास्त खर्च करून २००० साली उभारलेल्या मैदानाने भिंतीत ही उघडी जागा ठेवली. नकाशावर ती कमान कुणीतरी आखली असेल, कुणीतरी मंजूर केली असेल. मी तेवीस वर्षं सरकारी इमारतींच्या कुंपणभिंती आखल्या. तो कागद कसा पुढे सरकला असेल याचा विचार करत मी जाळी धरून उभी होते.

नातू मात्र मला खेळ शिकवत होता. एक चेंडू उंच उडून प्रेक्षकांत गेला, मी म्हटलं, "सिक्सर!"

"नाही आजी, फाउल. त्या पिवळ्या खांबाच्या आतून गेला तरच होमरन."

म्हणजे क्रिकेटसारखं चहूकडे मारायचं नाही, समोरचा काटकोन तेवढाच आपला. पाण्यात होडग्या घेऊन माणसं थांबलेली होती. डावखुरा फलंदाज जोरात ओढून मारतो तेव्हा चेंडू भिंतीवरून, वाटेवरून थेट खाडीत पडतो, तो टिपायला. जायंट्सच्या एकट्या बॅरी बाँड्सने असे ३५ चेंडू पाण्यात घालवले. त्या दिवशी एकही आला नाही, तरी होडगीवाले हलले नाहीत.

तिसऱ्या डावात लेक धापा टाकत आली. मग रीतसर तिकीट दाखवून आत. पिशवी तपासली, पण डबा अडवला नाही. बाहेरचं खाणं न्यायला इथे परवानगी आहे, आणि मेथीचे ठेपले आम्ही आमच्या खुर्च्यांवर बसून खाल्ले. तरी लसूण घातलेल्या बटाट्याच्या काड्या घ्याच. लसणाच्या वासाने अख्खा जिना भरलेला असतो. समोरच्या मोठ्या भिंतीमागे चक्क भाजीची बाग आहे, केल नावाच्या पालेभाजीची आणि स्ट्रॉबेरीची. डावीकडे वर जुन्या पद्धतीचा चार बोटांचा अवाढव्य चामडी रंगाचा हातमोजा उभा आहे. मुलं तिथून हलत नाहीत.

आमच्या जागा सगळ्यात वर होत्या. लिफ्ट आहे, दारावरच विचारा, पायऱ्या उभ्या आहेत. पण वरून जे दिसतं ते खालच्या महागड्या खुर्च्यांना दिसत नाही. मैदान, भिंत, खाडी, शिडं, आणि पलीकडे बे ब्रिज. जूनमध्येही वारा बोचरा होता, शाल लागलीच. जायंट्सचं आधीचं मैदान, कँडलस्टिक, वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध होतं. म्हणून इथे बांधण्याआधी छोट्या प्रतिकृतीवर वाऱ्याची चाचणी घेतली आणि मैदानाची दिशा त्यावरून ठरवली. त्याच कँडलस्टिकवर १७ ऑक्टोबर १९८९ ला अंतिम मालिकेचा सामना सुरू होण्याआधी भूकंप झाला होता, हे लेकीने सांगितलं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कऱ्हाडला होते, नऊ वर्षांची. पहाटे आम्हाला अंगणात उचलून आणलेलं आठवतं. भरावाच्या जमिनीवर, इतक्या उंच जागी बसल्यावर ते आठवलं आणि मी खालचे खांब मोजू लागले.

सातव्या डावात प्रथेप्रमाणे सगळे उभे राहून गायले. नवव्यापर्यंत समुद्रपक्षी वर घिरट्या घालू लागले, सांडलेल्या खाऊवर डोळा ठेवून. जायंट्स हरले. नातू परतीच्या ट्रेनमध्ये गप्प होता, सनीवेल येईपर्यंत.

जावयाला मी सांगून टाकलं आहे, जाण्याआधी अजून एक सामना. या वेळी माझं तिकीट आदल्या रात्रीच माझ्या फोनवर हवं. पण पहिले तीन डाव मी जाळीपाशीच बघणार आहे.