दोन डोळ्यांना चकवताना: घळीच्या लेव्हलची प्रगती

आमच्या व्हीआर खेळातल्या घळीच्या लेव्हलमधली दुहेरी चित्रं (म्हणजे डोळ्यांना चकवून एकाच आकारात दोन गोष्टी दाखवणारी) एक सोडून सगळी जागेवर बसली आहेत. नेकरचा घन मात्र काढून टाकला. पुढची बाजू कोणती ते कळू न देता १८३२ पासून कागदावर लोकांना गोंधळात टाकणारा हा तारांचा घन हेडसेटमध्ये अगदीच साधाभोळा निघतो. दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटरचं अंतर आणि मान हलवायची मोकळीक, एवढ्यावर पुढची बाजू कोणती ते लगेच कळतं.

जास्त वेळ गेला तो रुबिनच्या फुलदाणीवर, म्हणजे कधी फुलदाणी तर कधी दोन चेहरे दिसणाऱ्या चित्रावर. दोन सुळक्यांच्या आतल्या कडा म्हणजे समोरासमोरचे चेहरे आणि मधल्या फटीतून दिसणाऱ्या आकाशाची सुरई, अशी मांडणी होती. पण जी बाजू जवळ दिसते, कड तिचीच असं आपली नजर ठरवून टाकते. सुळके पुढे, आकाश मागे. मग सुरईला वाव कुठला? आता फट बुजवून तिथे फिकट दगड बसवलाय, सुळक्यांच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट. दोन्हीकडे अनलिट मटेरियल (ज्यावर प्रकाशाचा परिणाम होत नाही असं), सावली नाही. लगेच आकृती आलटून पालटून दिसायला लागली.

सपाट करायचं नसेल तर दूर न्या. हेडसेटमध्ये नजरेच्या एका अंशाला २० पिक्सेल धरले, तर १० मीटरवर दोन डोळ्यांच्या चित्रांत एका पिक्सेलचा फरक पडायला सुमारे १.४ मीटर खोली लागते. २० मीटरवर साडेपाच. पण खेळाडू आडवा चालला की बिंग फुटतंच, म्हणून तिथली वाट मुद्दाम अरुंद ठेवली आहे.

खरी मजा पोकळ मुखवट्याची. भिंतीत आत खोदलेला चेहरा उठावदार दिसतो, आणि आपण सरकलो की तोही वळून बघतो. इथे मान हलवणं उलट आपल्या पथ्यावर पडतं! चेहरा बाहेरच आलेला असणार ही मेंदूची खात्री दोन डोळ्यांच्या साक्षीलाही दाबून टाकते. प्रकाश मऊ ठेवा, चेहरा सुलटा ठेवा; उलटा टांगला की परिणाम मंदावतो. हात लावण्याइतकं जवळ गेल्यावर मात्र खड्डा दिसतो, म्हणून पुढ्यात पाण्याचा चर काढलाय.

चाचणीला बसणाऱ्यांना ‘चेहरे दिसले का?’ असं कधीच विचारू नका. ‘काय दिसलं?’ एवढंच. एकदा नाव सांगितलं की त्यांची नजर कामातून गेली समजा.

राहिलीय ती एम्सची वाकडी खोली, म्हणजे दिसायला चौकोनी पण मुळात तिरकी बांधलेली खोली. ती एकाच ठरावीक जागेवरून, एका डोळ्याने बघावी लागते. खेळाडूच्या हातात दुर्बिणीची नळी द्यायची आणि तिच्यातलं दृश्य एका स्थिर कॅमेऱ्यातून दाखवायचं असा विचार आहे. प्रश्न एवढाच, की नळी डोळ्याला लावल्यावर हात हलला तरी चित्र ढिम्म राहिलं, तर कुणाला मळमळेल का? कुणी असं काही करून पाहिलं असेल तर सांगा.