तैलाद्रक्षेत्, जलाद्रक्षेत्

वडिलांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर सही, तारीख आणि त्याखाली एक श्लोक असायचा. पोथी उतरवून झाली की शेवटी लिहायची पद्धत होती, तोच हा:

तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक सांगतंय. वडील गणिताचे मास्तर, संस्कृतचं त्यांना काही वेड नव्हतं. पण पुस्तक मागायला आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे, म्हणून ही सोय. तिचा उपयोग कधी झाला नाही. मागणारा श्लोक वाचायचा, ‘वा!’ म्हणायचा आणि पुस्तक घेऊन जायचा.

मुलगी नोकरीला युरोपात गेली आणि मला जुनी ग्रंथालयं बघायचा नाद लागला. श्लोक डोक्यात होताच, त्यामुळे गेलो तिथं पहिला प्रश्न हाच, की इथं पुस्तकं राखतं कोण?

पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठाचं जुआनिना ग्रंथालय आहे, १७१७ ते १७२८ या काळात बांधलेलं. सोन्याचा मुलामा दिलेली उंच कपाटं आणि भिंती चांगल्या हातभर नव्हे, पुरुषभर जाड. तिथली राखणदारी वटवाघळांकडे आहे. रात्री ती कपाटांमागून बाहेर पडतात आणि पुस्तकांना लागणारे किडे खातात. त्यांच्या विष्ठेनं जुनी मेजं खराब होऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी मेजांवर कातडं पसरायचं आणि सकाळी झाडून काढायचं. आमच्या आईनं घरात वटवाघूळ शिरल्यावर दहीभात ओवाळून टाकला असता. वाळवी-कसरीसाठी तिचा भरवसा डांबरगोळ्या, वेखंड आणि कडुलिंबाचा पाला यांवर. बायको मात्र बाहेर आल्यावर म्हणाली, “इतक्या लांब येऊन बंद कपाटंच बघायची होती, तर आपल्या माळ्यावर काय वाईट होतं?”

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठात बुटांवरून लोकरीच्या भल्यामोठ्या सपाता चढवायला लावतात. जपायची असते ती लाकडी जमीन. त्या सपातांतून सगळे देशोदेशीचे लोक कॅरमच्या सोंगट्यांसारखे घसरत फिरतात. दारावर ग्रीकमध्ये ‘आत्म्याचा दवाखाना’ अशा अर्थाचे शब्द आहेत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये पुस्तकं चक्क साखळीनं बांधलेली. साखळी मुखपृष्ठाच्या कडेला, म्हणून पुस्तकांचे कणे आत आणि पानं बाहेर. ‘मूर्खहस्ते न दातव्यं’ची एवढी कडक अंमलबजावणी वडिलांनी पाहिली असती तर लगेच लोहाराकडे गेले असते. तंजावरात मात्र श्लोक एका शब्दापुरता अडला. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महालात ताडपत्रांच्या पोथ्या आहेत, आणि ताडपत्र कोरडं पडून तडकू नये म्हणून त्याला गवती चहाचं तेल लावतात. कागदाचा वैरी तो ताडपत्राचा वैद्य.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो फ्लॉरेन्सला, आणि तेही ग्रंथालयात नव्हे. बाहेर, आर्नो नदीच्या काठावर. ४ नोव्हेंबर १९६६ला ही नदी शहरात शिरली आणि काठावरचं राष्ट्रीय ग्रंथालय बुडालं. पाण्यात चिखल तर होताच, शिवाय घरं उबदार ठेवायचं जळाऊ तेलही मिसळलेलं. तैलात् आणि जलात्, दोन्ही एकदम. पोरापोरींनी रांगा लावून, हातोहात पुस्तकं वर काढली. पानापानांत टीपकागद घातले. तंबाखू वाळवायच्या कोठारांत पुस्तकं वाळवली. तंबाखू वाचल्यावर मला निपाणी आठवली आणि निपाणीवरून घर.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. परत आलो तर वडिलांचं कपाट उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन अशी फुगली होती की एक ओढावं तर शेजारची चार येत, आणि शेवटी फळीच निखळली. दिवाळी अंकांच्या गुळगुळीत पानांची वीट झालेली. आम्ही काय केलं? ऊन पडताच सगळी गच्चीवर पसरली. पुठ्ठे पापडासारखे वळले, आणि आतून ओलीच राहिलेली पुस्तकं आठ दिवसांत हिरवी पडली.

पुस्तक सावलीत, खेळत्या वाऱ्यावर वाळवायचं असतं, हे मला आर्नोच्या काठावर कळलं. आणि मग जीव चडफडला, कारण सावली, वारा आणि जाळीच्या मजल्यांवर मजले ही सगळी व्यवस्था आमच्याकडे तासगावला शेकड्यांनी उभी आहे. बेदाण्याची शेडं! बेदाणा उन्हाळ्यात उरकतो, ऑगस्टात ती रिकामी असतात. एक टेम्पो केला असता तर... जाऊ दे. त्या आठवड्यात टेम्पोला माणसंच पुरत नव्हती.

वडिलांचं एकही पुस्तक राहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते ऐकून दिवाळीत आमचे साडू विश्रामबागहून आले. पिशवीतून त्यांनी शिकारकथांचं एक पुस्तक काढलं. अकरा वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेलेलं. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा थेंब आला नव्हता.

“रागावू नका हं,” ते म्हणाले, “द्यायचं राहूनच गेलं.”

मी पहिलं पान उघडलं. सही, तारीख, श्लोक, सगळं जागच्या जागी. पुढची पानं चाळली तर चाळिसाव्या पानापासून थेट शेवटापर्यंत प्रत्येक कोपऱ्यावर पिवळसर, तेलकट बोट उमटलेलं. वास घेऊन पाहिला. भडंग.